सनद मिळाल्यानंतरची तीन वर्षे

सकाळी साडेदहाला पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात गेलात तर ज्युनिअर वकील कोण, हे कुणाला विचारावे लागत नाही. छातीशी फायलींचा गठ्ठा, मोबाइलवर उघडलेला दिवसभराच्या प्रकरणांचा बोर्ड आणि एकाच वेळी दोन कोर्टांच्या दारांकडे लागलेले कान. समजा, त्यातली एक मुलगी तासगावची आहे. वडील बेदाण्याच्या अडतीवर दिवाणजी. घराण्यात ती पहिलीच वकील. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळून आठ महिने झालेत.

पहिल्या मजल्यावरच्या कोर्टात तिला पुरशिस द्यायची आहे. पुरशिस म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारा चार ओळींचा कागद. आमचा पुरावा संपला, पक्षकारांत तडजोड झाली, अमुक साक्षीदार तपासायचा नाही, असे काहीतरी. जुन्या फायलीतली एक पुरशिस समोर ठेवून, मांडीवर पॅड घेऊन ती बाकावरच लिहून काढते. वर दावा क्रमांक, खाली तारीख, सही. तेवढ्यात शेजारच्या कोर्टात पुकारा होतो. ती धावते. सिनिअर दुसऱ्या कोर्टात उलटतपासणीत अडकलेले असतात. "वकीलसाहेब कुठे आहेत?" न्यायाधीशसाहेब विचारतात. ती मुदतीचा अर्ज पुढे करते. मागच्या तारखेलाही मुदतच मागितली होती, त्याबद्दलचे चार शब्द ऐकून घेते आणि पुढची तारीख डायरीत टिपते. मग नक्कल विभाग, मग स्टॅम्प, मग बाहेर ताटकळलेल्या पक्षकाराला पुन्हा तारीख का पडली ते समजावणे. संध्याकाळी सहा ते नऊ सिनिअरांच्या ऑफिसात ड्राफ्टिंग.

महिनाअखेरीला तिच्या हाती एक पाकीट येते. त्यात पाच हजार असतात, एखाद्या महिन्यात सात. तिच्याबरोबरच्या काहींना पाकीटच नसते. इथे शिकायला मिळते आहे हेच खूप, असे त्यांना सांगितलेले असते. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे, दोन वेळचा डबा लावायचा, बसचा पास काढायचा, तर दहा हजारांच्या आत भागत नाही. कमी पडतात ते पैसे तासगावहून येतात.

हे प्रकरण त्या पाकिटाबद्दल आहे. त्यातली रक्कम हा सिनिअर आणि ज्युनिअर या दोघांमधला खासगी मामला आहे, असे आपल्याकडे धरून चालतात. मला ते मान्य नाही. पंचवीस वर्षांनी उच्च न्यायालयाच्या खुर्चीवर कोण बसणार, याची पहिली चाळणी या पाकिटापाशी लागते. कुणाला घरून पैसे येऊ शकतात आणि कुणाला घरी पैसे पाठवावे लागतात, यावर बार, म्हणजे वकीलवर्ग, कुणाचा हे ठरते, आणि बहुतांशी बारमधूनच पुढे हे न्यायाधीश निवडले जातात.

या मुलीला किती पैसे मिळावेत हे सांगणारा कायदा शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. उलट पगार घेऊ नये असे सांगणारा नियम सापडतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ४९ वा नियम म्हणतो, वकिली करणाऱ्याने कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये. ४७ वा नियम त्याला स्वतः धंदा करण्यापासून रोखतो. यामागचा हेतू चांगला होता. वकील कुणाच्या ताटाखालचे मांजर होऊ नये, त्याची निष्ठा पक्षकाराशी आणि कोर्टाशी असावी. पण ज्युनिअरच्या वाट्याला याचा परिणाम वेगळाच आला. सिनिअर तिचा मालक नाही, त्यामुळे किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली दोघांची सनद एकाच दर्जाची, म्हणून कागदोपत्री ती सिनिअरइतकीच स्वतंत्र व्यावसायिक. एक सवलत मात्र आहे. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून घरभाडे भरणारे ज्युनिअर म्हणूनच दिसतात.

सनदेआधीची इंटर्नशिप याच साच्यातली. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. त्याचे पैसे कुणी द्यायचे याबद्दल नियमात अवाक्षर नाही. मुंबईत मामाचे घर असेल तर उच्च न्यायालयात महिनाभर इंटर्नशिप करता येते, नसेल तर तालुक्याच्या कोर्टात.

ही रीत आपण इंग्रजांकडून घेतली. लंडनच्या 'इन्स ऑफ कोर्ट' या बॅरिस्टरांच्या संस्थांमध्ये बॅरिस्टर होऊ पाहणारा तरुण एखाद्या मुरलेल्या बॅरिस्टरच्या चेंबरमध्ये उमेदवारी करायचा, आणि मानधन मिळणे दूरच, एकेकाळी तोच गुरूला १०० गिनी मोजायचा. पुढे गिनी देणे थांबले, पण फुकट उमेदवारी चालूच राहिली. १९९८ मध्ये ब्रिटनने किमान वेतनाचा कायदा केला, तेव्हा एका उमेदवार तरुणीने न्यायालयात विचारले की हा कायदा मला लागू आहे की नाही? खालच्या न्यायालयाने आहे म्हटले. २००० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. चेंबर आणि उमेदवार यांच्यात करार आहे, पण तो नोकरीचा किंवा शागिर्दीचा नाही, म्हणून किमान वेतन नाही. ती मुलगी खटला हरली. पण प्रश्न चव्हाट्यावर आला होता, आणि २००३ पासून तिथल्या बारने स्वतःहून नियम केला की उमेदवाराला वर्षाला किमान १०,००० पाउंड द्यायचे, नाहीतर उमेदवार घ्यायचा नाही. आता हा आकडा दरवर्षी वाढवला जातो आणि लंडनसाठी २०,००० पाउंडांच्या वर गेला आहे. आपण त्यांच्याकडून काळा कोट घेतला, पांढरे बँड घेतले, उन्हाळ्याची सुटी घेतली. ही सुधारणा तेवढी घ्यायची राहिली.

वकिलीच्या दारात पैसा आडवा येणे म्हणजे काय, याचे आपल्या मातीतले उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे, पण या अंगाने ते फारसे कुणी पाहत नाही. १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांच्याकडे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी होती. नव्हते ते सनदेची फी भरण्याइतके पैसे. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना मदतीला आले, म्हणून सनद निघाली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली. पुढचा अडथळा जातीचा होता. तेव्हा वरच्या न्यायालयात बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग जिल्ह्याच्या कोर्टातली कामे घ्यायची, गरिबांचे खटले लढवायचे आणि घर चालावे म्हणून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचा, असा क्रम होता. पुढे देशाची राज्यघटना घडवणाऱ्या माणसाला सुरुवातीच्या वर्षांत शिकवणीवर दिवस काढावे लागले. भथेनांसारखा मित्र नसता तर? असा मित्र ज्यांना भेटला नाही त्यांची नावे आपल्याला माहीत असण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी, १९२३ मध्ये, स्त्रियांनाही वकिलीचा हक्क देणारा कायदा झाला. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली होती. कोर्टात उभे राहण्याचा पूर्ण हक्क मिळायला तीस वर्षे जावी लागली. मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, या मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला वकील.

सनदेच्या फीचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा न्यायालयात आला. अधिवक्ता अधिनियमाच्या २४ व्या कलमात नोंदणीची फी स्पष्ट लिहिलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली रकमा जोडत गेल्या. इमारत निधी, कल्याण निधी, ओळखपत्र, पडताळणी. काही राज्यांत हा खर्च पंधरा हजारांवर गेला, तर ओडिशात चाळीस हजारांच्याही पुढे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात ही जादा वसुली बेकायदा ठरवली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या या निकालाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आकड्यांच्या पलीकडचा आहे. प्रवेशाच्या दारात मोठी फी ठेवली की दुर्बल घटकांतल्या माणसाला ती अधिक जड जाते आणि हा समानतेच्या हक्काचाच भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. तासगावच्या मुलीसारख्यांना यापुढे सनद ७५० रुपयांत मिळेल. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षेचे साडेतीन हजार भरावे लागतात, ते वेगळे. पण हा खर्च एकदाच होतो. पुढची तीन वर्षे दर महिन्याला होतो तो खर्च या निकालाच्या कक्षेत नव्हता.

आता याच क्षेत्रातला दुसरा माणूस पाहू. तिच्या वर्गातला एक मुलगा मुंबई उच्च न्यायालयात लॉ क्लार्क म्हणून निवडला गेला आहे, असे समजा. न्यायमूर्तींसाठी निवाडे शोधायचे, प्रकरणाचा सारांश काढायचा, मसुदे तपासायचे, असे त्याचे काम. नेमणूक ठरावीक मुदतीची, शिकाऊ म्हणावी अशीच. पण न्यायालयाच्या अलीकडच्या जाहिरातीत त्याचे मानधन महिना ६५,००० रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या योजनेत ते ८०,००० आहे. तिसरी मैत्रीण परीक्षा देऊन कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश झाली, तर दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या श्रेणीप्रमाणे तिचे मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होते. एकाच वर्गातून बाहेर पडलेली तीन मुले, तिघांचेही काम कायद्याचे, तिघांचीही पावले रोज कोर्टाच्याच पायऱ्यांवर. ज्या दोन जागांचे पैसे सरकारी तिजोरीतून येतात तिथे आकडा ठरलेला आहे, जाहीर आहे, आणि मुलगा आहे की मुलगी, वडील कोण, आडनाव काय, यावर तो बदलत नाही. तिसऱ्या जागेवर सगळेच सिनिअरच्या मर्जीवर.

या फरकाचा माग स्त्रियांच्या टक्केवारीत काढता येतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातल्या नोंदणीकृत वकिलांत स्त्रिया साधारण १५ टक्के होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार जिल्हा न्यायपालिकेत मात्र स्त्रिया ३६.३ टक्के होत्या. बारमध्ये शंभरांत पंधरा, जिल्हा न्यायपालिकेत शंभरांत छत्तीस. काही राज्यांत न्यायिक सेवेत स्त्रियांना आरक्षण आहे, त्याचा यात वाटा आहे. पण एवढा फरक त्याने भरून निघत नाही. जिथे खुली परीक्षा आहे आणि पहिल्या महिन्यापासून पगार आहे, तिथे मुली आल्या. जिथे पाच-सहा वर्षे घरच्यांच्या जिवावर काढायची असतात, तिथून त्या गळाल्या. मुलगा 'अजून सेटल होतोय' हे वाक्य मराठी घर पाच वर्षे खपवून घेते. मुलीच्या बाबतीत पहिल्याच वर्षी विचारणा होते की यापेक्षा बँकेची परीक्षा का देत नाहीस? त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. जिल्हा न्यायालयांतल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहांपैकी फक्त ६.७ टक्क्यांत सॅनिटरी पॅडचे यंत्र होते. दिवसभर एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात धावणाऱ्या मुलीला हा आकडा कुणी समजावून सांगायची गरज नाही.

वरच्या पायरीवर चित्र अधिक एकरंगी होते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बहुतांशी बारमधून निवडले जातात, परीक्षेतून नव्हे. २०१८ ते जुलै २०२३ या काळात नेमलेल्या ६०४ उच्च न्यायालयीन न्यायाधीशांपैकी ४५८ सर्वसाधारण प्रवर्गातले होते, अशी माहिती कायदा मंत्रालयाने संसदेत दिली. अनुसूचित जातींचे १८, अनुसूचित जमातींचे ९, इतर मागासवर्गीयांचे ७२. या आकड्यांना अनेक कारणे आहेत आणि न्यायाधीशांची नावे सुचवणाऱ्या कॉलेजियमवर त्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. पण कॉलेजियमपुढे नाव येण्यासाठी प्रत्यक्षात आधी साधारण वीस वर्षे बारमध्ये टिकावे लागते, आणि ती वीस वर्षे पहिल्या तीन वर्षांतून जातात. ज्याच्या वडिलांचे चेंबर आहे त्याला ती तीन वर्षे जाणवतही नाहीत. त्याला पक्षकार आयते मिळतात, ग्रंथालय आयते मिळते, आणि कोर्टात साहेबांनी आडनाव ऐकलेले असते. वकिली हा ठरावीक लोकांचा क्लब झाला आहे, असे तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी २०२२ मध्ये बार कौन्सिलच्याच कार्यक्रमात सांगितले आणि ज्युनिअरांना जगण्यापुरते पैसे द्या, असे सिनिअरांना बजावले.

२० मे २०२५ रोजी या प्रश्नाला नवी धार आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात निकाल दिला की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. १९९३ मध्ये ही अट होती, २००२ मध्ये ती काढली गेली, आता परत आली. महाराष्ट्रात ताज्या पदवीधरांनाही गुणांच्या अटीवर ही परीक्षा देता येत असे. तो मार्ग बंद झाला. न्यायालयाचे कारण समजण्यासारखे आहे. कोर्टरूम कधी न पाहिलेला पंचविशीतला न्यायाधीश माणसांच्या जमिनीचा, जामिनाचा, पोटगीचा निर्णय करतो, तेव्हा अनुभवाची उणीव पक्षकाराला भोगावी लागते. मी हे कारण बिनमहत्त्वाचे मानत नाही. पण ज्या परीक्षेच्या दारातून स्त्रिया ३६ टक्क्यांपर्यंत पोहोचल्या, त्या दारासमोर आपण आता बिनपगारी तीन वर्षांचा पट्टा आखला आहे. लॉ क्लार्क म्हणून केलेले काम त्या तीन वर्षांत धरले जाते, हे चांगले झाले. पण अशा जागा एका उच्च न्यायालयात काही डझन असतात.

तोडगे निघत आहेत, अर्धेमुर्धे. जून २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडू आणि पुदुच्चेरीच्या बार कौन्सिलला सांगितले की चेन्नई, मदुराई, कोइमतूरमध्ये ज्युनिअरला महिना किमान २०,००० आणि इतरत्र १५,००० रुपये मिळावेत, आणि स्त्री-पुरुष असा भेद त्यात नको. काम करून घ्यायचे आणि मोबदला द्यायचा नाही, याला न्यायालयाने शोषणच म्हटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने देशभरासाठी परिपत्रक काढले. शहरात २०,०००, ग्रामीण भागात १५,०००, किमान तीन वर्षे, नेमणुकीचे पत्र द्यावे, नोंदी ठेवाव्यात. फक्त ही शिफारस आहे, सक्ती नाही. केरळने २०१८ मध्ये आणि आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये नव्या वकिलांना महिना ५,००० रुपयांपर्यंत मदत देण्याच्या योजना आणल्या. महाराष्ट्रातही तशी मदत मिळावी म्हणून काही तरुण वकील मुंबई उच्च न्यायालयात गेले.

सक्ती करा, असे म्हणणे सोपे आहे. पण सगळे सिनिअर मुंबईच्या फोर्टात बसत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या वकिलाची स्वतःची महिन्याची प्राप्ती कित्येकदा चाळीस हजारांवर जात नाही. त्याचा पक्षकार शेतकरी असतो, फी हप्त्याने देतो, कधी सुगीनंतर देतो. अशा वकिलाने पंधरा हजार कुठून आणायचे? उद्या सक्ती झाली तर तो ज्युनिअरच घेणार नाही, आणि तालुक्यातल्या मुलांना शिकायची जागाच उरणार नाही. म्हणून मला असे वाटते की मोठी चेंबर आणि लॉ फर्म यांच्यासाठी किमान रक्कम बंधनकारक हवी, आणि छोट्या गावातल्या ज्युनिअरचा भार कल्याण निधी आणि राज्य सरकार यांनी मिळून उचलावा. आपल्या प्रत्येक वकीलपत्रावर कल्याण निधीचे तिकीट लागते, त्या निधीचा पहिला हक्कदार हाच ज्युनिअर असायला हवा. विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये सुरू केलेली लीगल एड डिफेन्स कौन्सेलची व्यवस्था हाही एक खरा मार्ग आहे. तिथे सहाय्यक पदावर तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेला नवा वकीलही घेतात, ठरलेले मानधन देतात, आणि गरीब आरोपींच्या खटल्यांत तो पहिल्यापासून काम करतो. तीन वर्षे मुदतीचे अर्ज नाचवण्यापेक्षा हे शिक्षण कितीतरी सकस.

आणखी एक गोष्ट घडली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, याची चर्चा झाली. ज्युनिअरच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की उच्च न्यायालयाचे काम शिकण्यासाठी आता मुंबईचे भाडे भरावे लागत नाही. तासगावहून सकाळच्या एसटीने कोल्हापूर गाठता येते.

ती मुलगी परीक्षेला बसायचे ठरवील, तेव्हा तिला एक प्रमाणपत्र लागेल. किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाने ते द्यायचे आणि न्यायिक अधिकाऱ्याने त्यावर शेरा मारायचा, असे २०२५ च्या निकालात म्हटले आहे. बार कौन्सिलच्या परिपत्रकाने मानधनाच्या नोंदी ठेवायला आधीच सांगितलेले आहे. मग या प्रमाणपत्रात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? उमेदवाराने इतकी वर्षे काम केले, याच्या खाली लिहावे की या काळात तिला दरमहा इतके रुपये दिले.